दिल्लीच्या नव्या बाई

आधी चहा घ्या. माझा हा गाढवपणा ऐकताना मधेच एका जागी हसू अडकतं, तिथे घोट घ्यायला हातात काहीतरी असलेलं बरं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी तेव्हा रत्नागिरीत मुलींच्या एका बालगृहाचा अधीक्षक होतो. अधीक्षक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोणी भारदस्त माणूस आला असेल. तो पुसून टाका. अंगानं काडी, खिशाला दोन पेनं. एक निळं, एक लाल. लाल पेन नियम मोडणाऱ्यांसाठी! बेचाळीस मुली, मेट्रन मालतीबाई, एक स्वयंपाकीण, फाटकावर सखाराम, आणि माझ्या खुर्चीमागे भिंतीवर काचेच्या चौकटीत टाइप केलेले एकवीस नियम. ते मला तोंडपाठ होते. स्वतःच्या लग्नाची तारीख बायकोला विचारायचो, पण नियम क्रमांक नऊ झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवला असता.

नियम क्रमांक नऊ : पालकांनी मुलींना महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी दोन ते चार या वेळेतच भेटावे.

आमची संस्था दिल्लीच्या एका मोठ्या राष्ट्रीय मंडळाला जोडलेली. मुलांचे हक्क, मुलांचं कल्याण, सगळं त्यांच्याकडे. नाव सांगत नाही, गरजही नाही. मंडळाचे जुने अध्यक्ष माझ्या काळात एकदाच आले होते, मे महिन्यात. आम्ही हार घातला, मुलींनी स्वागतगीत म्हटलं, साहेबांनी सहा हापूस खाल्ले, 'छान, छान' म्हणाले आणि गेले. मुलींना छान म्हणाले की आंब्यांना, ते कळलं नाही.

मग एका दिवाळीनंतर पेपरात बातमी आली. मंडळाच्या अध्यक्षपदी नव्या बाई! सोबत फोटो होता, पण शाई अशी फासली होती की त्यात बाई आहे की फणस आहे, शपथेवर सांगता येऊ नये.

दोन दिवसांनी खेडहून माझ्या दोस्ताचा फोन. तोही असल्याच एका वसतिगृहात अधीक्षक.

"अरे, त्या नव्या बाई येऊन गेल्या आमच्याकडे!" आवाज असा, जणू घरावरून वीज गेली.

"कळवून?"

"कसलं कळवून! साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी. नाव सांगेनात. मी कोणी मोठी नाही, मुलांना भेटायला आलेय, एवढंच. आणि उतरल्या त्या थेट संडासाकडे गेल्या रे!"

"घाई असेल."

"गाढवा, तपासायला! जाताना शेरेबुकात सही केली, तेव्हा कळलं कोण ते. बोलतात अगदी आपल्या बाजूचं. मूळच्या मुरुडच्या म्हणे, दापोलीकडच्या. आता चिपळूण करून रत्नागिरीला येणार आहेत. सांभाळ!"

झालं! मी आणि आमच्या संस्थेचे सचिव अण्णा, दोघांची झोप उडाली. अण्णा म्हणाले, "बाई उतरणार सर्किट हाउसवरच. मी तिथे हार घेऊन बसतो. तू इथे हार घेऊन बस." अशी आमची दोन आघाड्यांवरची तयारी. संडास तीनदा घासून घेतले. भिंतींना चुना मारला. पेटीतल्या नव्या चादरी खाटांवर आल्या. स्वागतगीत रोज सकाळी आणि संध्याकाळी. शेवटी शेवटी तर फाटकापाशी कुत्रं आलं तरी धाकट्या मुली 'सुस्वागतम्' सुरू करायच्या!

सगळं जमलं. एकच अडचण राहिली. तीन मुलींना खरूज झाली होती. बोटांच्या बेचक्यांत फोड, मनगटं ओरबाडलेली. रांगेत उभ्या केल्या तर पाहुणीच्या नजरेत पहिल्या त्याच भरणार.

मालतीबाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी गंधकाचं मलम सांगितलंय, आणि सगळ्यांची अंथरुणं उकळायला. ते आधी करूया का?"

"ते बाई येऊन गेल्यावर," मी म्हणालो. "तोवर ह्या तिघींना मागच्या कोठीत बसवा. खाऊ द्या, गप्प बसा म्हणावं."

हो, मीच म्हणालो. तांदळाच्या पोत्यांवर तीन मुली बसवल्या आणि दार लोटून घेतलं. तेव्हा मला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही, हेही सांगून टाकतो.

सोमवारी सकाळी साडेदहाला फाटकापुढे एक सरकारी जीप थांबली. आत ड्रायव्हर, आणि शेजारून उतरल्या एक बाई. साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी!

ड्रायव्हर म्हणाला, "चार वाजता येतो न्यायला," आणि जीप निघून गेली. मला गहिवरून आलं. सरकारी गाडी लगेच सोडून दिली! असा साधेपणा कुठे बघायला मिळतो?

मी हार घेऊन धावलो. वाटेत सखाराम आडवा आला.

"सायेब, ह्या बाई म्हंजे..."

"माहितेय मला कोण आहेत त्या! बाजूला हो!"

आणि बाई तोंड उघडायच्या आत मी त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. बाई दचकून दोन पावलं मागे सरल्या.

"अवो सायेब, मी कोन मोठी नाय ओ. मी पोरीला भेटाया आलेय."

आता मला सांगा, माझा दोस्त काय म्हणाला होता? मी कोणी मोठी नाही, मुलांना भेटायला आलेय. शब्द न् शब्द तोच! बोलणंही आपल्या बाजूचं. ती 'पोरीला' म्हणाली होती. मी 'पोरींना' ऐकलं.

"कळलं हो, सगळं कळलं," मी डोळे मिचकावले. अध्यक्षाबाईंना डोळे मिचकावले! "आम्ही काही विचारणार नाही."

"पन आज तुमचा भेटीचा दिवस नाय, म्हायत हाय मला..."

"तुम्हाला कसला दिवस? हे घर तुमचंच आहे. तुम्ही केव्हाही यावं!"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. डोळे भरून आले त्यांचे. मला वाटलं, माझ्या नम्रतेनं.

"सायेब, जरा ऐकता का..." मागून परत सखाराम.

"सखाराम, तू फाटक सांभाळ!"

अंगणात मुली रांगेत उभ्या होत्या. 'सुस्वागतम्' सुरू झालं. पण बाईंचं गाण्याकडे लक्षच नाही. त्या एका टोकापासून निघाल्या आणि एकेका मुलीच्या तोंडाकडे बघत दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. मग उलट परत आल्या. मी मालतीबाईंच्या कानात म्हणालो, "बघा! आधीच्या साहेबांनी एका तरी मुलीचा चेहरा बघितला होता का?"

बाई माझ्यापुढे थांबल्या. चेहरा उतरलेला.

"एवड्याच? बाकीच्या कुटं हायत?"

हिला आकडा माहीत होता तर! "सगळ्या आहेत मॅडम. एवढ्याच."

"एवड्याच?" आवाज फुटला बाईंचा. आणि मग त्या उत्तराची वाट न बघता आत शिरल्या.

पुढचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. बाई पुढे, हार गळ्यात, आणि मी मागे. झोपायच्या खोलीत गेल्या, वाकून खाटांखाली बघितलं. न्हाणीघराचं दार उघडलं. स्वयंपाकघरात गेल्या. तिथे आमटीचं पातेलं उघडं होतं, ते बघून म्हणाल्या, "ह्यात डाळ हाय का नुसतं पानी?"

"उद्यापासून दाट करतो मॅडम."

"पोरींच्या डोक्याला तेल कोन लावतंय? केस कसे झालेत सगळ्यांचे."

"आजपासून लावतो मॅडम."

"तुमी लावणार?"

"मी... म्हणजे मालतीबाई लावतील."

मी लाल पेन काढून सगळं वहीत लिहून घेत होतो. अहो, काय तपासणी! असले प्रश्न मला कधी कोणी विचारलेच नव्हते. वरून येणारे लोक रजिस्टर मागायचे. ह्या बाईंनी एकही कागद बघितला नाही.

इतक्यात कोठीच्या दारामागे कोणीतरी शिंकलं.

मी दारापुढे जाऊन उभा राहिलो. "तिथे काही नाही मॅडम. तांदूळ आहेत."

"तांदूळ शिंकतात?" बाई म्हणाल्या. त्यांनी मला हातानं बाजूला केलं आणि दार ढकललं.

पोत्यांवर तीन मुली. मधली मंगल, नऊ वर्षांची. तिनं मान वर केली आणि ओरडली, "आये!"

बाईंनी तिला उचलून घेतलं. नऊ वर्षांची पोर, पण कडेवर घेतलं. फोड आलेले हात गळ्यात पडले, झेंडूचा चुरा झाला, आणि दोघी रडायला लागल्या.

आता तरी मला कळायला हवं होतं ना? कोणत्याही शहाण्या माणसाला कळलं असतं. पण मी? मला वाटलं, केवढी ही माया! मुलगी बघताक्षणी 'आये' म्हणाली, आणि बाईंनी खरजेची पर्वा न करता जवळ घेतलं! मी दाराशी जमलेल्या मुलींकडे वळलो आणि म्हणालो, "बघताय ना मुलींनो? याला म्हणतात नेतृत्व! टाळ्या!"

आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्यानं मी.

टाळ्या थांबल्यावर सखारामचा आवाज आला. तो फाटक सोडून आत आला होता. या खेपेला त्यानं माझी परवानगी मागितली नाही.

"सायेब, ही मंगलची आय. शेवंती. चिपळूणकडं अलोऱ्याच्या सरकारी कॉलनीत इंजिनेर सायबांकडं कामाला हाय, तितं पोर ठेवू देत नायत. दोनदा आली होती. तुमी आतनंच निरोप पाठवलात, नियम दाखव नि परत धाड म्हनून."

इथे चहाचा घोट घ्या.

आठवलं मला. दोन्ही वेळा सखाराम आत आला होता, दोन्ही वेळा मी जमाखर्चाच्या... नाही, खोटं कशाला सांगू, एकदा मी पेपर वाचत होतो. मान वर न करता 'नियम नऊ' म्हणालो होतो. खिडकीतून डोकावलो असतो तरी तिचा चेहरा दिसला असता.

माणूस लाजला की आधी रागावतो. मीही तेच केलं. "मग बाई, तुम्ही सांगितलं का नाहीत मला?"

शेवंतीनं मंगलला खाली ठेवलं नाही. तशीच उभी राहून म्हणाली, "सांगत होते. तुमी हार घातलात. सायेब, दोन येळा सगळं खरं सांगितलं, तवा तुमी आत घेतलं नाय. या येळी काय न सांगता घेतलंत. म्हटलं, गप रावावं. रविवारी सायबांकडं पावणे असतात, मला सुटी नाय. आज जीप इकडं येणार होती म्हनून आले." आणि मग हळूच, "रांगेत पोर दिसली नाय. मला वाटलं, माजी मंगल गेली. तुमी कळवलं नाय."

एवढं बोलून ती गळ्यातला हार काढायला लागली.

माझ्याकडे एकवीस नियम होते, त्यातला एकही तिथे चालण्यासारखा नव्हता. मी म्हणालो, "बसा तुम्ही. चार वाजेपर्यंत बसा." मग शर्ट काढून खुंटीला लावला आणि मालतीबाईंना म्हणालो, "चूल पेटवा. अंथरुणं उकळायला घेऊ."

सगळ्या चादरी निघाल्या, पेटीतल्या नव्यासुद्धा. मागच्या अंगणात जांभ्या दगडांच्या तीन चुली, त्यांवर मोठाले हंडे. मी बनियनवर, धुरानं डोळे लाल. पडवीत शेवंती तिन्ही मुलींना कडुनिंबाच्या पाण्यानं धूत होती. आपल्या एकटीलाच नव्हे, तिघींना. आणि मलम लावत होती.

दोनच्या सुमारास सखाराम आला. "सायेब, आनखी एक बाई आल्यात. एष्टीनं. पोरींना भेटायचंय म्हनतात."

"घे आत," मी हंड्यात काठी ढवळत म्हणालो. "आणि आजपासून कोणाला काही विचारू नकोस."

मी आता शहाणा झालो होतो ना!

बाई आल्या. साठीच्या, हातात छत्री. पडवीत शेवंतीशेजारी बसल्या, तिच्याशी बोलत राहिल्या. बराच वेळ. मी येता जाता बघत होतो. मला वाटलं, दोन आया बोलताहेत, बोलू देत.

तीनला मालतीबाई दमून बसल्या. चादर पिळायला दोन माणसं लागतात. मी हाक मारली, "अहो बाई, नुसत्या बसलाय तर जरा ही चादर धरू लागा."

बाई लगेच उठल्या. पदर खोचला, एक टोक धरलं. मी उजवीकडे पिळतो, त्या डावीकडे. हात चांगला घट्ट होता.

"सगळी अंथरुणं आजच का काढलीत?" त्यांनी विचारलं.

आता असं बघा, दिवसभर माझ्या छातीवर धोंडा होता. कोणाला तरी सांगायचंच होतं. मी सांगितलं. पहिल्यापासून. खरूज, कोठी, हार, टाळ्या, सगळं. चादरीमागून चादर पिळत गेलो आणि बोलत गेलो.

"पण मुलींना लपवलं कशाला?"

"ती दिल्लीची बाई येणार आहे ना!"

"कोण दिल्लीची बाई?"

"आहे एक. मंडळाची नवीन अध्यक्षा. भलतीच खवट आहे म्हणे. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही, आणि उतरते ती थेट संडासात जाते!"

"असं?" बाई म्हणाल्या. "पिळा, पाणी राहिलंय अजून."

तेवढ्यात फाटकाकडून अण्णा धावत आले. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात गुलाबाचा हार, मागे रिक्षावाला भाड्यासाठी ओरडतोय.

"मॅडम! अहो मॅडम! आम्ही सकाळपासून सर्किट हाउसवर! आत्ता चिपळूणहून फोन आला, साठीच्या बाई, हातात छत्री, एष्टीनं थेट बालगृहात गेल्या म्हणून! आणि तुम्ही इथे... हे काय करताय तुम्ही?"

माझ्या हातातून चादरीचं टोक सुटलं. पिळलेली चादर उलटी फिरली आणि सगळं पाणी बाईंच्या साडीवर.

मी बनियनवर उभा. नमस्कार करावा तर हात ओले, पळावं तर पाठीमागे हंडा.

"मॅडम, मी... खवट म्हणजे... तसं नाही म्हणायचं होतं..."

"कसं म्हणायचं होतं?"

ते मला आजही सुचत नाही.

बाईंनी साडी झटकली. अण्णांचा हार घेऊन बाजूला दोरीवर टाकला. मग मला म्हणाल्या, "तो भेटीच्या रविवारचा नियम दाखवा."

मी कचेरीतून अख्खी चौकट काढून आणली. त्यांनी चष्मा लावून एकवीसच्या एकवीस नियम वाचले.

"नववा कुणी केला?"

"दिल्लीहून आलाय, मॅडम. मंडळाचा आहे."

"मंडळाचा असा नियम नाही."

"मग माझ्या आधीच्या अधीक्षकांनी केला असेल."

"कशासाठी?"

"विचारलं नाही कधी."

"किती वर्षं झाली तुम्हाला इथे?"

"सात."

त्यांनी चौकट माझ्या हातात परत दिली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सात वर्षं मी फाटकावरून माणसं परत पाठवली, दिल्लीचा नियम आहे म्हणून, आणि दिल्लीला त्याचा पत्ताच नव्हता! त्यात शेवंतीसारख्या किती असतील, ते मोजायची माझी हिंमत झाली नाही.

चारला जीपचा हॉर्न वाजला. शेवंतीनं मंगलच्या केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. पिशवीतून आणलेली नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी तिघी मुलींनी मिळून संपवली होती. ती निघताना मंगल रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "परत कवा येशील?"

शेवंतीनं माझ्याकडे बघितलं.

"जीप येईल तेव्हा," मी म्हणालो. "जीप नसेल तर एष्टीनं. रात्र झाली तर मालतीबाईंच्या खोलीत राहा."

ती येत राहिली. मंगल आमच्याकडेच दहावीपर्यंत शिकली. त्या दोघींपुरतं सांगायचं तर सगळं काही गोड झालं असं नाही. कॉलनीत मालकीणबाईंना कामवालीची पोर चालत नव्हती, ते तसंच राहिलं. पण महिन्यातून दोनदा तरी त्या पडवीत वेणी घातली जायची.

निघताना अध्यक्षाबाईंनी शेरेबुक मागितलं. आम्ही दोघं समोर उभे. अण्णा पुटपुटत होते, बहुतेक रामरक्षा. बाईंनी चार ओळी लिहिल्या, सही केली, छत्री उचलली आणि एष्टी गाठायला चालत गेल्या.

आम्ही शेरेबुक उघडलं. लिहिलं होतं :

'अंथरुणे स्वच्छ. आमटी पातळ. नियम नऊ आजपासून रद्द. येथील अधीक्षकांना आलेली व्यक्ती कोण आहे हे मुळीच ओळखता येत नाही. मुलींच्या दृष्टीने ही गोष्ट हिताची आहे. असेच चालू ठेवावे.'

अख्ख्या नोकरीत माझ्याबद्दल कोणी लिहिलेला हा एकच चांगला शेरा. आणि बढतीच्या वेळी तो साहेबांपुढे ठेवायची माझी एकदाही छाती झाली नाही.